सळई जालन्याची, छप्पर कोणाचे?

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात ते कामाला होते. मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया या जिल्ह्यांतून आलेली ही माणसे टाळेबंदीत काम बंद पडल्यामुळे गावाकडे निघाली होती. भुसावळ गाठले तर पुढची गाडी मिळेल, या आशेने वीस जणांचा तो जथा रात्रभर रुळांवरून चालला आणि थकून रुळांवरच आडवा झाला. विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी देशभर पोचले. सहा दिवसांनी, १४ मे रोजी, केंद्रीय अर्थमंत्र्यांनी स्थलांतरित मजुरांसाठी आणि शहरी गरिबांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली.

त्या अपघाताची चर्चा रेल्वे, टाळेबंदी आणि प्रवासाचे परवाने यांच्याभोवती फिरली, आणि ते स्वाभाविकही होते. मात्र एक साधा प्रश्न त्या चर्चेत मागे पडला. ज्या गावात माणूस महिनोन्महिने भट्टीसमोर उभा राहून राबतो, त्या गावात संकटाच्या वेळी ‘इथेच थांबावे’ असे त्याला वाटावे असे त्याचे काहीच का नसते? काम थांबले की मुक्काम थांबतो, ही अवस्था टाळेबंदीने निर्माण केलेली नव्हती. टाळेबंदीने ती फक्त उघडी पाडली.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुनी आहे. कापूस, धान्य आणि व्यापार यांच्या बळावर ती रूढ झाली. पुढे १९६४ पासून बियाण्यांच्या उद्योगाने आणि त्यानंतर पोलादाने तिला नवा अर्थ दिला. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील चार तालुके आणि परभणीचा परतूर तालुका मिळून जालना जिल्हा झाला, तेव्हा या भागाचा उद्योग म्हणजे मुख्यत्वे मोंढा होता. आज जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून त्याचे बिलेट पाडले जातात, ते पुन्हा तापवून लाटले जातात आणि बांधकामाची सळई तयार होते. मुंबई-पुण्याच्या इमारतींपासून खेड्यातल्या दोन खोल्यांच्या स्लॅबपर्यंत ही सळई महाराष्ट्रभर जाते. महाराष्ट्राच्या घरांना पाठीचा कणा पुरवणाऱ्या गावात कणा घडवणारा मात्र बिऱ्हाडाविना राहतो. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश येथून आलेला हा कामगार बहुधा ठेकेदाराच्या हजेरीवर असतो. त्याचा निवारा म्हणजे कारखान्याच्या आवारातील पत्र्याची शेड, नाहीतर वसाहतीच्या आसपास पाच-सहा जणांनी मिळून घेतलेली एक खोली.

घरांच्या टंचाईविषयी बोलताना सरकारी परिभाषेत नेहमी एक मोठा आकडा पुढे केला जातो आणि तेवढी घरे बांधून झाली की प्रश्न सुटेल असे गृहीत धरले जाते. तो आकडा नीट वाचावा. प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक गटाने २०१२ साली देशाच्या नागरी भागातील घरांची तूट १ कोटी ८८ लाखांच्या आसपास असल्याचे सांगितले. यांतील सुमारे ९६ टक्के तूट आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतील कुटुंबांची होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या तुटीचा जवळजवळ ८० टक्के भाग अक्षरशः छप्पर नसलेल्यांचा नसून दाटीवाटीने राहणाऱ्यांचा होता. घर होते, पण एका घरात दोन संसार, एका खोलीत चार बिछाने. आणि २०११ च्या जनगणनेत याच नागरी भारतात १ कोटी ११ लाखांच्या घरात रिकामी घरे मोजली गेली होती. एका बाजूला दाटी आणि दुसऱ्या बाजूला कुलपे. ज्या बाजारात वस्तू पडून आहे आणि गरजवंत रांगेत उभा आहे, तेथे तूट वस्तूची नसते, खरेदीशक्तीची असते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. ते नियोजनकारांना कळत नाही असे मानणे भाबडेपणाचे होईल. विटा, सिमेंट आणि सळई यांचा तुटवडा या देशात नाही. तुटवडा आहे तो गरिबाच्या नावावरच्या जागेचा आणि घराचा बोजा पेलेल एवढ्या मजुरीचा. घरांची चर्चा या दोन गोष्टींना बगल देऊन होते म्हणून योजनांमागून योजना येतात आणि दाटी तशीच राहते.

‘परवडणारे घर’ हा शब्दच पाहावा. वस्तू व सेवा कराच्या सवलतीसाठी २०१९ साली सरकारने परवडणाऱ्या घराची जी व्याख्या केली, तिच्यात किमतीची मर्यादा ४५ लाख रुपये ठेवली. जालन्याच्या एखाद्या कामगाराला महिन्याला १५,००० रुपये मिळतात असे धरू. त्याची वर्षाची कमाई १ लाख ८० हजार होते. म्हणजे सरकारच्या लेखी परवडणाऱ्या घराची कमाल किंमत ही या माणसाची पंचवीस वर्षांची संपूर्ण मजुरी होय, आणि तीही एक दिवस न जेवता, एकही औषध न घेता. जालन्यात घरे इतकी महाग नाहीत, हे मान्य. म्हणून दहा लाखांच्याच घराचा हिशेब मांडू. ९ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी दहा लाखांचे कर्ज काढले तर महिन्याचा हप्ता ९,००० रुपयांच्या घरात जातो. पंधरा हजारांतून नऊ हजार गेल्यावर उरलेल्या सहा हजारांत कुटुंब जगवायचे. उत्पन्नाचा तिसरा हिस्सा घरासाठी, ही मर्यादा पाळायची तर या कामगाराला साडेपाच लाखांपलीकडे कर्ज झेपत नाही. अर्थात हा सगळा हिशेब बँक त्याला दारात उभे करील असे मानून केलेला आहे. पगाराची चिठ्ठी नाही, हजेरी ठेकेदाराच्या वहीत, पत्ता बिहारमधल्या गावाचा. अशा माणसाला बँक कर्ज देत नाही. आणि व्याजात सूट देणारी योजना कर्ज मिळालेल्यालाच लागू होते.

करांचाही एक विनोद येथे नोंदवण्याजोगा आहे. ४५ लाखांपर्यंतची बांधकामाधीन सदनिका घेणाऱ्याला १ टक्का कर पडतो. खेड्यात स्वतःचे घर स्वतः बांधणारा मजूर मात्र सळईवर १८ टक्के कर भरतो. सिमेंटवर तर तो २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के भरत होता, आता १८ टक्के भरतो. बांधकाम व्यावसायिकाने मालावर भरलेला कर सदनिकेच्या किमतीत दडलेला असतो, हे खरे. तरी ‘परवडणारे’ म्हणून ज्याला शासनमान्य सवलत मिळाली, त्याच्यात आणि गोणीगणिक सिमेंट विकत आणणाऱ्यात गरजवंत कोण, याचा निवाडा करायला समिती नेमावी लागू नये.

ज्याला घर विकत घेणे शक्य नाही, किंबहुना ज्याला जालन्यात आयुष्य काढायचे की नाही हेच ठाऊक नाही, त्याचा प्रश्न भाड्याच्या घराचा आहे. स्वतंत्र भारताने आरंभी हे ओळखले होते. १९५२ साली केंद्राने हाती घेतलेली पहिली गृहनिर्माण योजना औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित भाड्याच्या घरांचीच होती. पुढे ‘प्रत्येकाला स्वतःच्या मालकीचे घर’ ही घोषणा लोकप्रिय झाली आणि भाड्याचे घर हा विषय सरकारने सोडून दिला. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली झालेल्या कायद्याने कामगाराला योग्य निवारा देण्याची जबाबदारी ठेकेदारावर स्वच्छ शब्दांत टाकली होती. तो कायदा किती पाळला गेला हे करमाडच्या रुळांनी सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदाही त्यांच्यात विरघळला. निवाऱ्याविषयीचे ते स्वच्छ शब्द नव्या संहितेत तितक्या स्वच्छपणे उतरलेले नाहीत. न पाळलेला कायदा निदान हातात धरून मागणी करता येते. जो कायदाच उरला नाही तो दाखवायचा कोणाला?

मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या भाड्याच्या घरांच्या योजनेचे पुढे काय झाले? तिचे दोन मार्ग होते. सरकारी पैशांतून पूर्वी बांधलेली आणि रिकामी पडलेली घरे भाड्याने द्यायची, हा पहिला. उद्योगांनी वा संस्थांनी स्वतःच्या जमिनीवर कामगारांसाठी संकुले उभारायची, हा दुसरा. पहिल्या मार्गासाठी देशात ८० हजारांहून अधिक घरे रिकामी असल्याचे सांगितले गेले होते. त्यांतली प्रत्यक्षात मजुरांना खुली झाली ती साडेपाच हजारांच्या आसपास. दुसऱ्या मार्गाने काय होऊ शकते हे पाहायचे तर तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ पाहावे. तेथील राज्य औद्योगिक महामंडळाने आपल्या वसाहतीत मुख्यतः स्त्री कामगारांसाठी १८ हजारांहून अधिक जणींच्या निवासाची सोय केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती खुली झाली. ही वसतिगृहे आहेत, घरे नव्हेत. खाट मिळाली म्हणजे संसार मिळाला असे नाही, आणि मालकाच्या गरजेपुरता निवारा देण्यात मालकाचाही स्वार्थ असतोच. तरीही सरकारने मनावर घेतले तर औद्योगिक वसाहतीत जागा निघते आणि इमारत उभी राहते, एवढे त्यावरून सिद्ध होते. महाराष्ट्रातही मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आहे आणि कामाच्या ठिकाणाजवळ घर असावे असे तत्त्वही आहे. त्या ३५ लाखांतली किती जालन्याच्या भट्ट्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असतील, हे विचारायला कोणी उठायला हवे.

शहर सोडून खेड्याकडे वळावे तर तेथे प्रश्नाचे रूप बदलते, मूळ बदलत नाही. जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली १९ लाख ५९ हजारांच्या आसपास होती आणि त्यांतले जालना शहरात राहणारे २ लाख ८५ हजार. म्हणजे हा जिल्हा आजही मुख्यतः खेड्यांचाच आहे. या खेड्यांत घराचा प्रश्न ‘घरकुल’ या शब्दाने ओळखला जातो. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना आली, २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. नाव बदलले, फलक बदलला. सपाट प्रदेशातील घराला १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान २०१६ साली ठरले. त्यानंतर देशातील सर्वसाधारण किंमतपातळी जवळजवळ दीडपट झाली, तरी २०२४ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा मंजूर करताना हा आकडा जागचा हलला नाही. किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे घर बांधायचे. चौरस फुटाला ४५० रुपयेदेखील पडत नाहीत. एवढ्यात पायाच्या वर काय येते हे भोकरदनच्या कोणत्याही गवंड्याला विचारावे. राज्याने २०२५ मध्ये आपल्याकडून ५० हजारांची भर घातली हे चांगलेच झाले. त्यांतले १५ हजार सौर ऊर्जेसाठी आहेत.

वाळूचे उदाहरण तर बोलके आहे. गोदावरी अंबड, घनसावंगी आणि परतूर या तालुक्यांच्या कडेने वाहते. दुधना आणि पूर्णा याच जिल्ह्यातून जातात. तरी नदीकाठच्या लाभार्थ्याचे घरकुल वाळूवाचून अडते. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत देण्याचे ठरले. मोफत वाळू नदीपात्रापासून दारापर्यंत वाहून आणण्याचे भाडे मात्र मोफत नाही आणि रात्रीच्या हायवाला जी वाट सापडते ती घरकुलवाल्याच्या बैलगाडीला सापडत नाही.

पण अनुदान कमी पडते ही तक्रार करण्याचे भाग्यही ज्याच्याकडे जागा आहे त्यालाच लाभते. अनुदान घर बांधायला आहे. घर कशावर बांधायचे याचे उत्तर लाभार्थ्याने आणायचे आहे. गावठाण पिढ्यांपूर्वी आखलेले. कुटुंबे वाढली, भाऊ वेगळे झाले, गावठाण तेवढेच राहिले. भूमिहीन, विशेषतः दलित, भटके आणि पारधी समाजातील कुटुंबे गायरानाच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, रस्त्याच्या हद्दीत झोपड्या घालून राहिली. ग्रामपंचायत त्यांच्याकडून घरपट्टी घेते, मते घेते, आणि नमुना आठवर ‘अतिक्रमण’ असा शेरा मारते. यादीत नाव येते, हप्ता मंजूर होतो आणि जागेच्या रकान्यापाशी सगळे थांबते. जागा खरेदीसाठी सरकारची अर्थसहाय्य योजना आहे. तिची मर्यादा आधी ५० हजार रुपये होती, नंतर ती १ लाख केली. मिळणारी जागा ५०० चौरस फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. आणि विकणारा कोण? गावातला जमीनमालक आपल्या मजुराच्या झोपडीखालची जमीन स्वखुशीने विकत नाही. ती विकली तर मजूर उद्या मजुरीचा भाव करू लागेल, हे त्याला पक्के कळते.

केरळने हे नेमके ओळखले होते. तेथील सुधारित जमीन कायदा १ जानेवारी १९७० पासून अमलात आला. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी घालून राहणाऱ्या मजुराला त्या झोपडीभोवतीची दहा सेंटपर्यंत जमीन खेड्यात नाममात्र किमतीत मिळण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. दहा सेंट म्हणजे चार गुंठे. घर, दोन नारळ, एक गाय आणि भाजीचा वाफा मावेल एवढी ती जमीन. अंगण स्वतःचे झाल्यावर तेथल्या मजुराला मालकाकडे मान वर करून पाहता आले. महाराष्ट्राने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने अनुसूचित जाती-जमातींची गायरानावरील काही वहिवाट नियमित करण्याचे ठरवले. त्यामागे दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासूनची आणि मराठवाड्यातील गायरानाच्या लढ्यांची पुण्याई होती. पण तो निर्णय कसणाऱ्या जमिनीपुरता होता आणि त्याची अंमलबजावणी आजही तलाठ्याच्या दप्तरात अडते. २०२२ च्या उत्तरार्धात उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर गायरानावरील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा राज्यभर निघाल्या, तेव्हा अनेक वस्त्यांची झोप उडाली. लोकांतून ओरड झाल्यावर सरकारने घरे पाडणार नाही असे सांगितले. तोंडी सांगितले, एवढे लक्षात ठेवावे.

या बाबतीत कार्यकर्त्यांनी एक गोष्ट जवळ बाळगावी. गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात जो निकाल दिला, त्याचा आधार घेऊन गरिबांना हुसकावले जाते. त्याच निकालात अपवाद सांगितला आहे. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना सरकारी अधिसूचनेखाली जमीन दिली असेल, तर ती नियमित होऊ शकते. म्हणजे मार्ग आहे. अधिसूचना काढण्याची सरकारची तयारी नाही. तहसील कार्यालयात निकालाचा पहिला भाग वाचून दाखवला जातो, तेव्हा दुसरा भाग वाचून दाखवणारे कोणीतरी तेथे असले पाहिजे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची कथा आणखी निराळी. मंठा, घनसावंगी, अंबड, भोकरदन या तालुक्यांतून दर हंगामाला कोयते बाहेर पडतात. पाच-सहा महिने ही कुटुंबे कारखान्याच्या फडावर कोपीत राहतात. नव्या घरकुलांची यादी ठरवणारे सर्वेक्षण जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले, तेव्हा गळीत हंगाम भरात होता. मुदत पुढे मेपर्यंत वाढली, मोबाईलवरून स्वतःची नोंद करण्याची सोयही होती. पण फडावरच्या कोपीत बसून स्वतःच्या गावातील पडक्या घराचा फोटो कसा काढायचा, हे त्या सोयीने सांगितले नाही. कुलूप लावलेले दार पाहून ‘कुटुंब आढळले नाही’ अशी नोंद होणे फार सोपे असते. ज्याचे घर सर्वांत वाईट, तोच पोटासाठी घर सोडून गेलेला असतो.

मग पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न उरतो, आणि तो टाळून चालणार नाही. याचे एक उत्तर सोलापूरने देऊन ठेवले आहे. तेथे कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी सहकारी संस्था केली आणि केंद्र, राज्य व कामगार यांच्या वाट्यांतून कुंभारी येथे दहा हजार घरे उभी केली. २००६ साली ती वसाहत खुली झाली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तेथेच ३० हजार घरांचे रे नगर हाती घेतले गेले आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतील पहिल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. वसाहत शहरापासून दूर पडली, कामाला जाण्यायेण्याचा खर्च वाढला, हे दोष आहेत. पण ही घरे कोणी दान म्हणून दिलेली नाहीत. संघटनेने जागा मिळवली आणि मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या. पक्षभेद बाजूला ठेवून समाजवाद्यांनी हा अनुभव अभ्यासला पाहिजे. स्वतः समाजवादी चळवळीच्या खात्यावरही असे काम आहे. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची कलमे वापरून गोरेगावात नागरी निवारा परिषदेमार्फत सहा हजारांहून अधिक कुटुंबांना घरे मिळवून दिली. तो कायदा २००७ च्या नोव्हेंबरात राज्याने मोडीत काढला, आणि ‘आता घरे स्वस्त होतील’ असे तेव्हा सांगितले गेले होते.

सोलापूरच्या विडी कामगारांमागे कल्याण निधी होता. विडीच्या हजारामागे उपकर बसत असे आणि तो कामगारांच्या घरांकडे, दवाखान्याकडे वळत असे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर गेला. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी उसाच्या टनामागे दहा रुपयांची तरतूद झाली. मग सळईच्या टनामागे काहीच का नाही? नव्या करपद्धतीत राज्याला स्वतंत्र उपकर बसवणे अवघड आहे, हे खरे. पण १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरीवर ठराविक टक्के लेव्ही घेण्याची रीत घालून दिली आहे आणि ती आजही चालते. शिवाय उद्योगांना सवलती देताना अटी घालण्यापासून सरकारला कोणी रोखलेले नाही. मराठवाडा-विदर्भातील उद्योगांना २०१६ पासून वीजदरात सवलत दिली गेली. पोलादाची भट्टी विजेवर चालते, त्यामुळे त्या सवलतीचे मोल जालन्यात सर्वांत चांगले कळते. जनतेच्या पैशातून युनिटमागे सूट घेणाऱ्याने कामगारामागे एक राहण्याजोगी खोली द्यावी, ही अट अन्यायाची म्हणता येणार नाही. स्पर्धा तीव्र आहे, नफा टनामागे थोडा उरतो, असे उद्योजक सांगतात आणि त्यात तथ्यही असेल. पण अट सर्वांनाच सारखी असली की स्पर्धेत कोणी मागे पडत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर कंगाल झालेल्या व्हिएन्ना नगरीने १९२३ साली घरांवर चढत्या दराचा कर बसवला. मोठ्या बंगल्यांवर भारी, कामगाराच्या खोलीवर नाममात्र. त्या पैशातून पुढल्या दहा-अकरा वर्षांत साठ हजारांहून अधिक भाड्याची घरे नगरपालिकेने बांधली आणि भाडे कामगाराच्या पगाराच्या अगदी थोड्या हिश्शात बसेल असे ठेवले. १९३४ मध्ये तेथील समाजवाद्यांना तोफांनी नमवण्यात आले, पण घरे उभी राहिली आणि आजही त्यांत लोक राहतात. जालना म्हणजे व्हिएन्ना नव्हे, असे कोणी म्हणेल. नव्हेच. पण जमिनीची वाढती किंमत जालन्यालाही आहे. समृद्धी महामार्ग, कोरडे बंदर आणि औद्योगिक वसाहतीचा विस्तार यांनी शहराभोवतीच्या जमिनींचे भाव चढवले. हा भाव मालकाच्या श्रमाने चढला नाही, सरकारच्या खर्चाने चढला. या अनर्जित वाढीतील वाटा समाजाने परत घ्यावा, हा विचार अर्थशास्त्रात रिकार्डोइतका जुना आहे. २०२३ मध्ये जालना नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आता शहराच्या विकास आराखड्यात बागा आणि बाजारांसाठी आरक्षणे पडतील. कामगारांच्या भाड्याच्या घरांसाठी किती एकर राखून ठेवायचे, हे आराखडा छापला जाण्यापूर्वी सांगावे लागते. छापल्यानंतर हरकती घेण्यात वर्षे जातात आणि तोवर जमिनीचे तुकडे विकले जातात.

या सर्वांत एक अवघड जागा आहे आणि ती चळवळीने स्वतःशी कबूल करावी. भट्टीवरचा परप्रांतीय कामगार जालन्याचा मतदार नाही. त्याच्यासाठी बोलून एकही मत वाढत नाही. उलट ‘आपल्या पोरांना काम नाही आणि तुम्ही बाहेरच्यांना घरे मागता’ हे ऐकून घ्यावे लागते. या आक्षेपाला घाबरून कार्यकर्ता गप्प बसला तर पत्र्याच्या शेडमधला स्वस्त मजूर हेच स्थानिक तरुणाची मजुरी पाडण्याचे हत्यार राहील. बिहारचा कामगार नीट घरात राहू लागला, कुटुंब आणू लागला, तर तो कमी मजुरीत राबणार नाही, आणि त्याचा फायदा बदनापूरच्या तरुणालाही होईल. हे गावोगाव बसून समजावून सांगण्याचे काम आहे. मोर्चाच्या घोषणेत ते मावत नाही.

१ मे हा दिवस कामगारांचा, महाराष्ट्राचा आणि जालना जिल्ह्याच्या स्थापनेचाही. त्या दिवशी ग्रामसभा भरतात. त्याआधीच्या आठवड्यांत प्रत्येक गावात गायरानावरच्या आणि गावठाणाबाहेरच्या घरांची यादी नाव, वर्षे आणि घरपट्टीच्या पावत्यांसह तयार करावी. हंगामावरून परतलेल्या ऊसतोड कुटुंबांना विचारून सर्वेक्षणात वगळलेली नावे वेगळी काढावीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्या कलमाचा उल्लेख करून गावठाणवाढीचा ठराव ग्रामसभेत लेखी मांडावा आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी घ्यावी. जालना शहरातल्या साथींनी औद्योगिक वसाहतीच्या फाटकांवर पाळी सुटण्याच्या वेळी उभे राहून कोण कोठे राहतो, एका खोलीत किती जण आणि भाडे किती, एवढीच तीन प्रश्नांची वही भरावी. विकास आराखड्यावर हरकत घेण्याची वेळ येईल तेव्हा ती वही नगररचनाकाराच्या टेबलावर ठेवायची आहे.